जिल्ह्याचें ठाणें किती लांब?

आमच्या लहानपणीं शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा एक मोठा नकाशा टांगलेला असे. त्यांत रंगीबेरंगी असे सव्वीस तुकडे होते, आणि त्या सव्विसांचीं नांवें ओळीनें म्हणून दाखविल्यावांचून मास्तर आम्हांस खालीं बसूं देत नसत. हे तुकडे पाडले कोणीं, असा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आला नाहीं. डोंगर आणि नद्या ज्यानें केल्या त्यानेंच जिल्हेही केले असावेत अशी आमची समजूत. आतां माझा नातू तोच धडा पाठ करतो तेव्हां ते तुकडे छत्तीस झालेले असतात. आणि मी शिकलों त्यांतलीं कांहीं नांवेंही आतां राहिलेलीं नाहींत. कुलाब्याचें रायगड झालें, उस्मानाबादचें धाराशिव, औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर आणि अहमदनगरचें अहिल्यानगर. तेव्हां जिल्हा ही वस्तु निसर्गाची नसून माणसानें केलेली आहे हें उघड आहे. ती त्यानें कोणत्या मापानें केली, आणि त्या मापांत कोण बसला व कोण बाहेर राहिला, याविषयीं आज आपल्याशीं थोडें बोलावें असा विचार आहे.

प्रथम शब्दच पाहूं. 'जिल्हा' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ बरगडी, आणि त्यावरून बाजू किंवा भाग. 'तालुका' म्हणजे संबंध. अमुक गांवें अमुक ठाण्याशीं निगडित आहेत, एवढेंच तो शब्द सांगतो. 'तहसील' म्हणजे मात्र सरळ वसुली. पुण्या-सातारकडचा माणूस मामलतदार म्हणे, नागपुराकडील माणूस त्याच अधिकाऱ्यास तहसीलदार म्हणे. आणि निजामाच्या राज्यांत तर अशी मौज होती कीं, जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यालाच अव्वल तालुकदार म्हणत. मराठवाड्यांतल्या एखाद्या वृद्ध गृहस्थानें 'प्रत्यक्ष तालुकदार साहेबांनीं सही केली' असें अभिमानानें सांगावें, आणि पुणेकरानें मनांत म्हणावें कीं, हा कोणी मामलतदाराच्या हाताखालचा कारकून असेल! एकाच भाषेचे लोक तीन निरनिराळ्या राजवटींत वाटले गेले होते, त्याची ही खूण होय.

या तीन राजवटींच्या रेघा अजूनही आपल्या नकाशांतून पुसल्या गेलेल्या नाहींत, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टननें जिंकलेला मुलूख आपल्या हाताखालच्या थोड्या अधिकाऱ्यांत वांटून दिला. पुण्यास रॉबर्टसन, नगरास पॉटिंजर, खानदेशांत ब्रिग्ज, आणि छत्रपतींच्या साताऱ्यास ग्रँट. पुढें ग्रँट डफ या नांवानें ज्यानें मराठ्यांचा इतिहास लिहिला तोच हा ग्रँट. कलेक्टर ही संस्था बंगालमध्यें वॉरन हेस्टिंग्जनें १७७२ सालीं प्रथम सुरू केली होती. तीच इकडे आली. कलेक्टर या नांवांतच त्याचें काम सांगितलेलें आहे. गोळा करणारा तो कलेक्टर. सारा गोळा करण्यापुरती एका माणसाची नजर जेथपर्यंत पोंचेल तेथपर्यंत त्याचा जिल्हा, असेंच तें माप होतें.

तिकडे वऱ्हाडचे जिल्हे निजामानें १८५३ सालीं कंपनी सरकारच्या ताब्यांत दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. म्हणजे एका वर्षाच्या हेरफेरानें दोन्ही मुलूख एकाच सत्तेखालीं आले, आणि तरीही त्यांची घडण पुष्कळ काळ वेगवेगळीच राहिली. आज आपण दोहोंस मिळून विदर्भ म्हणतों. परंतु अमरावती विभाग आणि नागपूर विभाग यांच्यामधील सीमा पहा. ती बरीचशी वर्धा नदीनें चालते. अलीकडे अमरावती व यवतमाळ, पलीकडे वर्धा व चंद्रपूर. निजामाचें वऱ्हाड आणि भोसल्यांचें नागपूर यांच्यामधील सीमा म्हणजे तीच. मराठवाड्याचेंही तसेंच आहे. हैदराबाद राज्यांत सालारजंगानें १८६५ सालीं जिल्हेबंदी केली. १९४८ सालीं तें राज्य भारतांत आलें. १९५६ सालीं त्यांतील पांच मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले. त्या पांचांचे आतां आठ झाले आहेत; परंतु आठांना मिळून जो विभाग होतो तो निजामाच्या राज्याचा मराठी तुकडाच होय.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें त्या वेळीं सव्वीस जिल्हे व चार विभाग होते. आज छत्तीस जिल्हे, सहा विभाग आणि साडेतीनशेंहून अधिक तालुके आहेत. विभागावर आयुक्त, जिल्ह्यावर जिल्हाधिकारी, उपविभागावर ज्यास लोक अजून प्रांत म्हणतात तो अधिकारी, तालुक्यावर तहसीलदार, त्याखालीं मंडळ, सजा आणि शेवटीं गांव, अशी ही उतरंड आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें राज्य सरकार यांतील कोणतीही सीमा बदलूं शकतें. मात्र तशी सूचना आधीं प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात.

आयुक्तांचा विभाग ही कागदावरची सोय आहे. माणसाच्या मनांतला प्रांत निराळा असतो. 'मी नाशिक विभागाचा' असें कोणी सांगितलेलें मीं तरी ऐकलेलें नाहीं. जळगांवचा मनुष्य स्वतःस खानदेशीच म्हणवितो. वास्तविक खानदेश हा एक जिल्हा म्हणून १९०६ सालींच संपला. त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि महाराष्ट्र झाल्यावर तीं नांवेंही जाऊन जळगांव व धुळें हीं आलीं. नांव सरकारी दप्तरांतून गेलें, परंतु भाषेंत, भरताच्या वांग्यांत आणि सोयरिकींत तें तसेंच आहे. उलट अहिल्यानगर जिल्हा नाशिक विभागांत आहे, आणि त्याच्या दक्षिणेकडील कर्जत-जामखेडच्या माणसास नाशिक आपलें कधींच वाटलें नाहीं. त्याचें तोंड पुण्याकडे असतें.

तें असो. मुख्य गोष्ट जिल्ह्याची. जिल्हा ज्या काळीं घडविला गेला त्या काळीं गांवापासून ठाण्यापर्यंत जात असे तो पैसा. रयतेला स्वतः तेथें जाण्याचें कारण क्वचितच पडे. पाटील-कुलकर्णी वसूल करीत आणि रक्कम वर चढत जाई. कलेक्टर हिंवाळ्यांत दौऱ्यावर निघे, तंबू ठोकी, आणि गांवेंच त्याच्यापुढें येत. ठाणें दूर असलें तर त्याची अडचण सरकारास; रयतेस दूर असलेलें ठाणें एका परीनें बरेंच वाटत असावें. स्वातंत्र्यानंतर हा प्रवाह उलटला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. शाळा, रस्ते, दवाखाने, पाणी, कर्ज, अनुदान, शिष्यवृत्ति, निवृत्तिवेतन, दाखले, या सर्वांचें मूळ जिल्ह्याच्या ठाण्यांत गेलें. आतां पैसा जाऊन भागत नाहीं, माणसालाच जावें लागतें. जिल्ह्याचें काम पालटलें, पण सीमा पुष्कळ ठिकाणीं वसुलीच्या काळांतल्याच राहिल्या. नव्या जिल्ह्यांच्या मागण्यांचें मूळ येथें आहे. तें केवळ पुढाऱ्यांच्या हौसेंत आहे असें समजणें अन्यायाचें होईल. आणि हौस मुळींच नसते असें म्हणणें भोळेपणाचें.

नवे जिल्हे कसे झाले तें थोडक्यांत सांगतों. १९८१ च्या महाराष्ट्रदिनीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग व औरंगाबादेंतून जालना निघाला. १९८२ च्या ऑगस्टमध्यें उस्मानाबादेंतून लातूर व चंद्रपुरांतून गडचिरोली. १९९० मध्यें मुंबईचे शहर व उपनगर असे दोन जिल्हे झाले. या दोहोंस जिल्हा परिषद नाहीं, म्हणून जिल्हे छत्तीस असले तरी परिषदा चौतीसच आहेत. १९९८ मध्यें नंदुरबार व वाशीम, १९९९ मध्यें हिंगोली व गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर.

यांत वाशीमची कथा मोठी बोधप्रद आहे. लोक म्हणतात कीं, वाशीम हा नवा जिल्हा. वस्तुतः वाशीम एकोणिसाव्या शतकांत जिल्ह्याचेंच ठाणें होतें. त्या वेळीं वऱ्हाडांत सहा जिल्हे असत : अमरावती, अकोला, बुलढाणा, एलिचपूर, वाशीम आणि वणी. १९०५ सालीं इंग्रजांनीं फेररचना केली. वाशीमचा जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांत वांटले, एलिचपूर अमरावतीस जोडलें, आणि वणीचें नांव जाऊन यवतमाळ आलें. त्र्याण्णव वर्षें वाशीमचा माणूस अकोल्यास हेलपाटे घालीत राहिला आणि मग त्याचें ठाणें त्यास परत मिळालें. एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, अजून मागतच आहे. वाशिमास जें मिळालें तें आम्हांस कां नाहीं, या त्यांच्या प्रश्नास सोपें उत्तर नाहीं.

ठाण्याचा जिल्हा दुसऱ्या प्रकारचा. २०११ च्या शिरगणतींत त्या एका जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लक्षांवर गेली होती. साऱ्या भारतांत इतकी वस्ती दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यांत नव्हती. पण हे कोटीभर लोक राहत होते कोठें? बहुतेक ठाणें, कल्याण, भिवंडी, वसई या रेल्वेच्या कांठच्या शहरांत. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास मोखाडा, जव्हार, तलासरी येथील वारली, कोकणा, कातकरी वस्त्या होत्या. शहरवासीयांच्या गर्दींत त्यांचा कागद कोठें दबला जाई तें सांगणें नको. जिल्हा विभागला गेला तेव्हां ठाणें कोठें असावें यावर मोठा वाद झाला. जव्हार डोंगरावर, आदिवासी मुलखाच्या जवळ, आणि पूर्वीच्या संस्थानाची राजधानी, पालघर रेल्वेवर. शेवटीं पालघर ठरलें. अधिकाऱ्यांची सोय रेल्वेजवळ असते हें खरें. डोंगरावरील माणसास मात्र ठाणें बदललें तरी घांट उतरावाच लागला. सिंधुदुर्गांत निराळी युक्ति झाली. कुडाळ, मालवण, सावंतवाडी यांपैकीं कोणतेंच जुनें गांव न घेतां ओरोस येथें नवीनच ठाणें वसविलें. त्यामुळें कोणाचा विजय झाला नाहीं आणि कोणाचा फारसा हेवाही राहिला नाहीं.

अहिल्यानगरास हीच युक्ति साधलेली नाहीं. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, चौदा तालुक्यांचा, राज्यांतील सर्वांत विस्तृत असा हा जिल्हा. तो विभागावा हें सर्वांस मान्य. पण उत्तरेच्या भागाचें ठाणें संगमनेर कीं श्रीरामपूर कीं शिर्डी, येथें येऊन गाडी अडते. जिल्हा मागणाऱ्या प्रत्येक गांवास आपणच मध्यावर आहों असें वाटतें. भूगोलांत इतके मध्य कसे असूं शकतात, हें कोडें मला सुटलेलें नाहीं.

सरकारच्या बाजूनेंही बोलणें भाग आहे. नवा जिल्हा म्हणजे नुसती रेघ नव्हे. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, न्यायालय, कोषागार, जिल्हा रुग्णालय, परिषद, त्यांच्या इमारती, त्यांचे नोकर, त्यांचीं घरें, हें सर्व उभें करावें लागतें. कांहीं जण म्हणतील, आतां सातबाराचा उतारा घरबसल्या यंत्रावर मिळतो, मग अंतराचा बाऊ कशाला? उताऱ्यापुरतें तें खरें आहे. पण अडलेल्या बाळंतिणीस यंत्रावरून रुग्णालयांत नेतां येत नाहीं. आणि उताऱ्यांतच चूक असली तर ती दाखविण्यासाठीं शेवटीं कोणाच्या तरी मेजापुढें उभें राहावेंच लागतें. शिवाय हिशेब जिल्ह्यानें होतो. १९८४ सालीं दांडेकर समितीनें महाराष्ट्रांतील विकासाचा अनुशेष मोजला तो जिल्हा हेंच परिमाण धरून. जिल्ह्याची सरासरी चांगली निघाली कीं, त्याच्या टोंकाचा उपाशी तालुका त्या सरासरींत झांकला जातो. ठाण्याच्या कारखान्यांखालीं मोखाड्याची भूक अशीच झांकली गेली होती.

आतां मी आपणांस राज्याच्या अगदीं आग्नेय टोंकास नेतों. तेथें प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि त्या संगमाजवळ सिरोंचा नांवाचें गांव आहे. १९८२ पर्यंत हा तालुका चंद्रपूर जिल्ह्यांत होता. चंद्रपूर तेथून सुमारें दोनशें किलोमीटर. वाट अरण्यांतून, मध्यें ओढे-नाले, आणि पावसाळ्यांत ती कोठें तुटेल याचा नेम नाहीं. एवढ्या अंतरामुळें आणि अरण्यामुळें चंद्रपूरचे दोन भाग करणें अवश्य होतें, यांत शंकाच नव्हती. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा झाला. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र, त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक वन, आणि पुढें वाढत वाढत बारा तालुके झाले. कुरखेडा, धानोरा, आरमोरी, चामोर्शी येथील लोकांस ठाणें खरोखर जवळ आलें.

पण नकाशा पाहिला तर गडचिरोली हें गांव नव्या जिल्ह्याच्या पश्चिमेस, वरच्या भागांत आहे. सिरोंचाहून आलापल्लीवरून गडचिरोलीस जावयाचें तर तेंही सुमारें दोनशेंच किलोमीटर. जिल्हा पुष्कळ लहान झाला आणि सिरोंचाच्या माणसाचा रस्ता होता तेवढाच राहिला! अहेरीस अपर जिल्हाधिकाऱ्यांचें कार्यालय झालें, तें शंभर किलोमीटरांच्या आसपास. त्यानें थोडा भार हलका झाला इतकेंच. अहेरी जिल्हा व्हावा ही मागणी म्हणूनच आहे.

आणि याच सिरोंचाचा पूर्वेतिहास ऐकला म्हणजे मन थोडें थबकतें. इंग्रजांच्या मध्यप्रांतांत 'अप्पर गोदावरी' नांवाचा एक जिल्हा होता, आणि त्याचें ठाणें सिरोंचा हेंच होतें. १८७४ सालीं तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्यास जोडलें. उत्पन्नाच्या मानानें खर्च फार, असाच विचार अशा ठिकाणीं बहुधा होतो. म्हणजे जें गांव एके काळीं स्वतःच जिल्ह्याचें ठाणें होतें, तेथील माणसास गेलीं दीडशें वर्षें दोनशें किलोमीटरांच्या वाटेवर उभें केलेलें आहे. प्रथम एका दिशेस, मग दुसऱ्या.

नदीपलीकडे काय घडलें तेंही पाहण्यासारखें आहे. तेलंगण राज्यानें ११ ऑक्टोबर २०१६ रोजीं आपल्या दहा जिल्ह्यांचे एकदम एकतीस केले. पुढें ते तेहतीस झाले. सिरोंचासमोर पैलतीरीं काळेश्वरम् आहे. तें पूर्वीं करीमनगर जिल्ह्यांत होतें. नव्या रचनेंत भूपालपल्ली हें त्याच्या जवळचें गांवच जिल्ह्याचें ठाणें झालें. इतके लहान जिल्हे करणें शहाणपणाचें होतें कीं नाहीं यावर तिकडेही मतभेद आहेत. पण त्याच वर्षाच्या अखेरीस सिरोंचा व काळेश्वरम् यांच्यामध्यें गोदावरीवर पूल सुरू झाला, आणि सिरोंचाचा माणूस आजार, बाजार, लग्नाची खरेदी, सर्व कांहीं त्या पुलावरून करूं लागला. तेलुगु त्यास घरचीच भाषा. मंचेरियाल, करीमनगर, वरंगळ हीं त्याचीं शहरें.

सरकारी कामास मात्र तो पूल उपयोगी नाहीं. २०१९ सालीं गोदावरीवर मेडीगड्डा येथें तेलंगणानें मोठा बंधारा बांधला, आणि त्याच्या फुगवट्याचें पाणी सिरोंचा तालुक्यांतील शेतांत शिरलें. तें पाणी सिरोंच्यास दारांतूनच दिसतें. त्याच्या भरपाईचा अर्ज घेऊन शेतकरी निघतो तो नदीकडे पाठ करून, आलापल्लीच्या रस्त्यानें, गडचिरोलीकडे. पहांटेची गाडी मिळाली तर दुपारीं कचेरींत पोंचतो, आणि साहेब दौऱ्यावर असले तर तेथेंच मुक्काम करतो.